वाचून

कुवेतमध्ये त्यांना म्हणतात बिदून.
मराठीत आणायचं तर : वाचून.
पाण्यावाचून, पगारावाचून म्हणतो, तेच.
फक्त मागचा शब्द गळून पडलेला.
ज्याला लागून उभं राहावं असं काही नाही,
असं एक शब्दयोगी अव्यय,
अल-जहराच्या पत्र्याच्या घरांतून
कलिंगडं घेऊन निघतं पहाटे.

खलफ त्यातलाच.
सालमीच्या रस्त्याला पिकअप लावतो.
टिचकी मारून सांगतो आतला रंग,
अजून चुकलेला नाही.

आजोबांचं चुकलं म्हणे.
सरकार नावं लिहून घेत होतं त्या साली
ते उंटांमागे दूर चाऱ्याला गेले,
परतले तोवर वही मिटलेली.
उंटांच्या मांडीवर कुळाचा डाग होता.
माणसांना डागायचं राहून गेलं.

आज खिडकी क्रमांक अकरा.
काचेपलीकडचा पोरगा आदबीनं बोलतो :
काका, कार्ड देतो नवं.
नीट वाचून सही करा.

खलफ चष्मा पुसतो, वाचतो.
बाप : मुतलक. बरोबर.
जन्म : अंदाजे. बरोबर.
मूळ देश : आणि पुढं आधीच छापलेलं
एका देशाचं नाव,
जिथली त्यानं फक्त डाळिंबं पाहिलीत
घाऊक बाजारात, पेटीत.

"या देशाला माहीत आहे का,
की मी त्यांचा?"

पोरगा शिक्का उचलतो, ठेवतो.
मागच्या रांगेतलं कुणीतरी खोकतं.
पेन दोरीला बांधलेलं आहे.
खलफ ते हळूच सोडतो,
दोरीवर थोडा वेळ हलत राहतं.

कार्ड नाही, म्हणजे परवाना नाही,
म्हणजे आज संध्याकाळी गाडी आली तर
कलिंगडं जातील.
वदहाचं बाळंतपण परवा झालं.
दाखला मिळाला नाही,
बापाचं कार्ड संपलेलं, आजाचंही.
नर्सनं वजन तेवढं तोंडी सांगितलं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना
तो उधारीची वही काढतो.
अबू शतीवी, सात किलो, बाकी.
चहावाला, पाच किलो, मिळाले.
त्याखाली, त्याच अक्षरात :
रविवार. पहाट. नात.
तीन किलो दोनशे.

पुढचा रकाना कोरा सोडतो.
मग थोडं थांबून तिथं
तिचं नाव.