समासात

पदवी लवचिक आहे, असं माहितीपत्रकात होतं.
सहा वर्षांत करा, हवी तर आठांत.
वाकायचं असतं ते आपण,
हे पहिल्या हिवाळ्यात कळलं.
रात्री साडेदहा, गेथिनची ताटली बाजूला सारून
मीठदाणीला टेकवलेलं पुस्तक,
प्रकरण पहिलं, समाजस्वास्थ्य म्हणजे काय,
आणि त्याची पहिलीच ओळ
मी चार रात्री वाचते आहे.

आमचं वेल्समधलं गाव पाटीच्या दगडाचं.
डोंगर आतून पोखरला, त्याची छपरं जगभर गेली,
उरलेला चुरा घरांमागे ढिगाने पडलाय.
पावसात निळा चकाकतो.
एरवी नुसता असतो.
आजोबा छिन्नीच्या एका ठोक्यात
दगडाची पानं उलगडायचे.
लिहिता यायचं सहीपुरतं.
पाट्यांना घरात तोटा नव्हता.

दिवसा मी म्हाताऱ्यांकडे जाते.
अकरा घरं, प्रत्येकी पंधरा मिनिटं,
आत शिरताना फोनवर नोंद, निघताना नोंद.
गोळ्या, चहा, पडदे, मोजे.

वरच्या आळीतला ट्रेफोर एक्क्याऐंशीचा.
मोज्यांत नऊ मिनिटं जातात.
तेवढ्यात तो मला त्याच्या कबुतरांचं सांगतो,
शर्यतीची होती, कधीच विकली.
खुराड्याचं दार मात्र अजून उघडं असतं.
एक आली होती परत, म्हणतो.
मग?
मग काय, खोक्यात घालून, बसने जाऊन
ज्याची त्याला देऊन आलो.

तिसरा निबंध: एकटेपणा कसा मोजावा.
शब्द दीड हजार.
पुस्तकातला प्रश्न मी ट्रेफोरला विचारला,
गेल्या आठवड्यात किती वेळा एकटं वाटलं,
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, सतत.
इंग्रजीतून आमच्या वेल्शमध्ये आणताना
'क्वचित' वाटेत कुठेतरी सांडला.
तो म्हणाला, मंगळवारचं विचारतेस की इतर दिवसांचं?
मंगळवारी काय असतं?
मंगळवारी तू नसतेस. बेथान येते.
चांगली आहे पोर.
मोजे फार पटकन घालते.

बेथान पाट्या टाकणारी नाही, हे इथे सांगायला हवं.
तिला चौदा घरं आहेत.

मी लिहिलं:
काही माणसांना दिवसातून एकदाच कोणी हात लावतं,
तेव्हा मोजा सावकाश घालणं
हे मोजा घालण्याहून वेगळं काम आहे.
रात्री एक वाजता ते वाक्य मला बरं वाटलं.
पाठवून दिलं.

विन्स्टन्ली बाई फक्त पडद्यावर भेटतात,
मागे पिवळी भिंत, एक मांजर, कधी नुसती शेपटी.
त्यांनी समासात एकच शब्द लिहिला होता:
स्रोत?
अठ्ठावन्न गुण.

पास ना? गेथिनने विचारलं.
पास.
मग जेव की आता.

स्रोत.
घर क्रमांक नऊ, मागची खोली,
हीटरची एकच कांडी पेटलेली,
उजवा पाय माझ्या मांडीवर.
असं लिहिता येत नाही.
नाव घ्यायचं नाही, पत्ता द्यायचा नाही,
हेही प्रकरण चारमध्ये आहे, आणि ते मला पटतं.

शेवटी ग्रंथालयाच्या साठ्यात एक अभ्यास सापडला.
दूरच्या कुठल्या शहरातला, चारशे बारा माणसं,
तीन तक्ते, मोज्यांचा उल्लेख नाही,
पण आसपासचं काही.
पुढच्या निबंधात तो कंसात बसवला.
बाईंनी समासात बरोबरची खूण केली.
मला आनंद झाला, लपवत नाही.
तरी चारशे बारांपैकी एकाचे तरी
पाय कसे होते, कळायला हवं होतं.

बुधवारी फोनवर नोंद केली, गुडघ्यांवर बसले.
ट्रेफोरने विचारलं, पास झालीस?
झाले. अजून पाच वर्षं आहेत.
मग मला टिकायला पाहिजे, म्हणाला,
आणि खिडकीतून खुराड्याकडे बघत बसला.

उजवा झाला.
डावा टाचेशी अडतो, सुजेमुळे.
अडू दिला.