अर्धा थेंब

कोवेश्दी मार्गित. आडनाव आधी,
आमच्या शाळेच्या हजेरीपटासारखं;
म्हणून पाषाणच्या प्रयोगशाळेत
शिपाई भोईटे सोडून सगळे
तिला वर्षभर चुकीच्या नावानं हाक मारत.

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात बुडापेस्टहून आली,
तराजू मांडीवर, तान्ह्या पोरासारखा.
आठ दिवस काहीच मोजलं नाही.
पंखा बंद, खिडक्या बंद.
"आधी त्याला इथली हवा लागू दे."

मग लकडी पुलाखालचं पाणी आणायला मला धाडलं.
बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून.
एकदा सोबत आली. पानशेतच्या पुराची खूण
मी भिंतीवर हात उंचावून दाखवली.
बराच वेळ बघत राहिली, म्हणाली,
"आमच्या नदीवरचे पूल माणसांनी पाडले."
आणि बाटलीवर तारीख घातली.

ब्यूरेटची तोटी डाव्या हातात, चंबू उजव्यात.
लाल. लाल. अजून लालच.
मग टोकाशी लोंबणारा अर्धा थेंब
काचेला टेकवून उतरवलेला,
आणि निळं.

तिसऱ्या वाचनाला माझा हात घसरला.
मी खोडरबर शोधू लागले.
तिनं पेन पुढं केलं:
"एकच रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे."

तिच्या वहीच्या पहिल्या पानावर
तिच्या नावाशेजारी आणखी एक नाव होतं,
एका रेघेनं खोडलेलं.
स्वच्छ वाचता येत होतं.

मी विचारलं नाही.
चंबू धुतले, उपडे घातले,
साडेपाचची बस गाठली.