बुटाचा रकाना

एक चौरस मीटर.
ॲल्युमिनियमची चौकट, चार कोपऱ्यांना चार खुंट्या,
आत दोरे ताणून केलेली शंभर घरं.
अशा चाळीस चौकटी, एक लाकडी खोली,
पर्जन्यमापक,
आणि दलदलीवरून गेलेली दोन फळ्यांची वाट.
एस्टोनियाच्या नकाशात नखाएवढी ही जागा
विद्यापीठाची. सांभाळते मी.

जूनमध्ये बसभर पोरं येतात.
पहिल्या सकाळी एवढंच सांगते:
फळीवरून उतरायचं नाही.
इथं वर्षाला मिलिमीटरभर माती साठते,
तुमच्या टाचेखाली तुमच्या आजोबांचं
अख्खं आयुष्य दबेल.
हसतात. मग गुडघ्यांवर बसून भिंगातून
दवबिंदूच्या पानाला चिकटलेला डास बघतात
आणि बराच वेळ कोणीच बोलत नाही.

सतराव्या चौकटीत कारेल उतरला होता.
उतरला कसला, घसरला.
शहाऐंशी साल. क्रौंच ओरडला, यानं मान वळवली,
उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत.
पाय निघाला, बूट राहिला.
तो काढायला आम्ही पाच जण फळीवर पालथे,
आणि प्राध्यापक काठावरून: चौकट बाद! चौकट बाद!
यादीत सतरावर काट.

बाद जागा कोणी मोजत नाही.
मी चोवीस वर्षांची, नोकरीत नवी,
हातात पट्टी होती, म्हणून मोजली.
खोली एकोणचाळीस सेंटिमीटर.
वहीच्या कडेला एक रकाना आखला,
वर लिहिलं: बू.

मग दर जूनला.
वहीच्या पुठ्ठ्यावरची भाषा बदलली,
खोलीवरचा झेंडा बदलला,
पगाराचं चलन दोनदा बदललं.
एका साली पगारच आला नाही,
त्या साली बू. एकतीस.
खड्ड्यात आधी नुसतं काळं पाणी,
मग पाण्यावर हिरवी साय,
मग एका उन्हाळ्यात चतुराच्या अळीची रिकामी कात.

तुम्ही विचारणार ते माहीत आहे मला.
नाही, तसं काही नव्हतं.
एकदा पावसात त्यानं मला त्याचं जाकीट दिलं होतं,
बस्स.
पुढं तो शिकला नाही, जहाजावर स्वयंपाकी झाला म्हणे.

या वसंतात त्रीनू आली, जुन्या वह्या संगणकात भरायला.
तिसऱ्या दिवशी बोट ठेवून म्हणाली,
हेल्व्हे, हे बू. काय आहे?
कुठल्याच पद्धतीत बसत नाही.
सांगितलं.
ती म्हणाली, नमुना एकच. एकावरून काही सिद्ध होत नाही.
म्हटलं, बरोबर आहे.
तिनं पान उलटलं. परत मागं आणलं.
मग म्हणाली, कुठं आहे?

फळीवर पालथी पडली, केस पाण्यात.
टाचेच्या जागी क्रॅनबेरीची तार,
अंगठ्याच्या जागी तीन दवबिंदू, लाल,
कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे.
मधे शेवाळ असं फुगलेलं की
माहीत नसतं तर पायाचा ठसा आहे हे कळलंच नसतं.
चार, मी म्हटलं.
चार पॉइंट तीन, ती म्हणाली.

रात्री तिनं एकोणचाळीस वर्षं टाइप केली.
संगणकाला एकक हवं होतं, पद्धत हवी होती,
मोजणाऱ्याचं पद हवं होतं.
पदाच्या जागी काय टाकू?
राहू दे, म्हटलं.
रकान्याच्या नावाखाली लाल रेघ येत राहिली,
तिनं ती पुसली नाही.

मी ऑक्टोबरात निवृत्त होते.
खोलीतल्या खुंटीवर माझे रबरी बूट आहेत, चांगले आहेत अजून,
पण अडतीस नंबरचे.
त्रीनूला चाळीस लागतात.