शितावरून

नैरोबीत, नवव्या मजल्यावर,
ओदुओरने वीस मिनिटांत संसार थाटून दाखवला:
एक आज्ञा, दुसरी आज्ञा, की पडद्यावर
लॉगिन, यादी, हिरवंगार बटण.
मुरियुकीसाहेब खुर्चीतून अर्धे उठलेच.
"झालं की! मग अहवाल कसला लिहितेस, चेलांगट?"

शितावरून भाताची परीक्षा, मान्य.
पण शित कुठल्या पातेल्यातलं,
चौघांच्या की चार लाखांच्या?

चार लाख घरं आमची, केरिचोच्या उतारांवर,
सकाळी चहाची पानं खुडतात
आणि दुपारी दोनला
सगळीच्या सगळी काट्यापुढे उभी राहतात.
दोन वाजता. पावणेदोन नाही, तीन नाही.

मी आधी खोटी माणसं केली.
दहा हजार, साठ हजार, मग चार लाख,
एकाच क्षणी सोडली त्या फ्रेमवर्कवर.
त्याला धाप लागली नाही.
आलेख तव्यासारखा सपाट.
ओदुओरने माझ्यासाठी सामोसा मागवला.

पण खोटी माणसं फार गुणी असतात.
एका खेड्यात एकाच नावाच्या सात जणी नसतात त्यांच्यात,
कुणी मरत नाही, आणि मेल्यावर
हप्ता थोरल्या सुनेचा की धाकटीचा, यावरून भांडत नाही.
त्यांची पानं कोरडी, बोटं कोरडी,
त्यांच्या टेकडीवरून नेटवर्क कधी उठून जात नाही.

म्हणून गुरुवारी बस धरली.

केंद्र म्हणजे पत्र्याचं छप्पर, टांगलेला काटा, एक बाक.
अराप मुताई एकतीस वर्षं तिथला कारकून.
वजन उमटलं की आधी यंत्रात भरतो
आणि मग, जिभेला पेन्सिल लावून, वहीत.
"वही कशाला आता?"
त्याने माझ्याकडे पाहिलं,
पानात किडा सापडावा तसं.
"यंत्र चूक पुसतं.
मी आडवी रेघ मारतो.
खालचं दिसायला हवं ना, बाई."

त्या रात्री लॉजवर, डासांच्या संगतीने,
मी फ्रेमवर्कचं पोट उघडून बसले.
ओदुओर ज्याला जादू म्हणतो तिथे
आपण एक ओळ लिहितो, मागे डेटाबेसला
शंभर फेऱ्या पडतात गुपचूप.
एका घरापुरती ती चिमूट; आमच्याकडे पोतं होईल.
तेही आवरता येतं, लोकांनी आवरलंय.
पण दुरुस्ती केली की जुना आकडा जातो कुठे?
शोधलं.
नवा त्याच्या जागी बसतो, शहाण्यासारखा,
जणू आधी कुणी तिथे नव्हतंच.

रेघ घालता येईल, ओदुओर फोनवर म्हणाला,
दोन आठवडे.
ओदुओरचे दोन आठवडे मला पाठ आहेत.
आणि जानेवारीत तो किगालीला चाललाय,
हे साहेबांना माहीत नाही,
मला लिफ्टमध्ये सांगितलंय, दार मिटता मिटता.

मोठं, मोठं म्हणतो आपण,
आणि मोजतो डोकी.
मला आता मोठं म्हटलं की एक पोरगी दिसते,
आज चौथीत असेल, लंगडी खेळत असेल कुठेतरी.
ती एका दुपारी दोनला हे सगळं उघडून बसेल,
आमच्यापैकी कुणी हाताशी नसेल,
बाहेर माणसं पाट्या घेऊन ताटकळलेली,
आणि तिला कळायला हवं
हात कुठे घालायचा.

साहेबांना उत्तर एका शब्दात हवं होतं.
मी लिहिलं, "चालेल."
वाचलं. पुन्हा वाचलं.
त्यावर आडवी रेघ मारली,
खालचं दिसेल अशी,
आणि शेजारी लिहिलं:
आधी रेघेची सोय करा. ओदुओरला विचारा, आजच.
आणि तोवर
अराप मुताईला दर महिन्याला
नवी वही पाठवत जा, दोनशे पानी,
पेन्सिलीसकट.