बुडाचा ठसा

लिहा.
मधुसूदन हरणे, वय एकसष्ट, धंदा तांबट,
राहणार तांबट लेन, नाशिक.
धंद्यापुढं 'होता' वगैरे जोडू नका.

उजव्या अंगठ्याला पत्रा लागला.
सरकारी दवाखान्यात शिवला, चांगला शिवला,
त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही, तेही लिहा.
म्हणाले, आता व्यवसायोपचाराला जा.

तुम्ही थांबलात. मीही तिथंच अडलो होतो.
व्यवसाय आणि उपचार, जोडून.
हो, धंद्याचाच उपचार समजा,
हाताला त्याचं काम परत शिकवतात.

द्वारकेच्या पुढं एका गाळ्यावर पाटी होती,
पाटीवर हात, हाताभोवती किरणं,
आणि आत भूपेश सर.
पांढरा कोट. भिंतभर फ्रेमा.
त्यातली एक योगासनांच्या स्पर्धेची,
हे मागाहून कळलं.
तिसऱ्या आठवड्यात त्यांनी अंगठा मुठीत धरला,
म्हणाले, काका, जरा सोसा,
आणि मागं ओढला.

लिहा : टप्प.

अहो, अर्जात आवाज का नाही लिहायचा?
मी जन्मभर आवाजावर जगलो.
घागर मठारताना ठोका कुठं खोल गेला
ते डोळे मिटून सांगतो.
आतली दोरी तुटल्याचा आवाज होता तो,
आणि सर म्हणाले, बघा, मोकळा झाला.

आमच्यात भांड्याच्या बुडाला ठसा मारायची रीत.
आमच्या घरचा : तीन ठिपके, एक आडवी रेघ.
घागर गळली की बाई ती उलटी करायची,
ठसा बघायची,
आणि भर दुपारी आमच्या ओट्यावर आणून आदळायची.
वडील मुकाट्यानं भट्टी पेटवायचे.
एवढी भांडी उलटी करून पाहिली मी.
सरांना नाही पाहिलं.

दुसऱ्यांदा शिवल्यावर हेमांगी निकुंभ भेटल्या.
पोरगीच, पुतणीच्या वयाची.
हात नंतर धरला, आधी भिंतीशी नेलं.
एकच फ्रेम. परिषदेचा नोंदणी क्रमांक,
खाली मुदत, कुठल्या तारखेपर्यंत.
म्हणाल्या, काका, हा उतरवून घ्या.
कशाला?
उद्या माझं चुकलं तर
कुणाकडं जायचं, ते ठाऊक असू द्या.

असं स्वतःहून कोण उलटं होऊन दाखवतं?

मग विचारलं, या हातानं काय करायचंय?
वाटलं होतं, मी हातोडी म्हणेन.
तोंडातून निघालं, सदऱ्याची गुंडी.
चार महिने बायको लावते.
हे नका लिहू.

काय म्हणता?
यादीत सरांचं नावच नाही,
मग परिषद खोडणार काय?
खरंय. न मारलेला ठसा पुसायचा कसा.
तर दोन प्रती काढा,
एक परिषदेला, एक पोलीस ठाण्याला.
परवा गेलो तर गाळ्याला कुलूप होतं.
पाटी नव्हती, खिळ्यांची भोकं होती, चार.
दुसरीकडं लावली असेल. सिन्नरला. ओझरला.
तिथंही कुणी पत्रा कापतं, कुणी द्राक्षं छाटतं,
अंगठे सगळीकडं असतात.
त्यांच्यासाठी लिहा.
माझा जेवढा वळायचा तेवढा वळला.

झालं? वाचून दाखवा.
'टप्प' कुठं गेलं?
हां. असू द्या तिथंच.

सही नाही जमत, पेन निसटतं.
सातवी पास आहे हो मी,
अक्षर बरं होतं माझं.
द्या ती शाईची डबी.
पुरुषाचा डावा घेतात, माहीत आहे मला.
उजवाच घ्या.
आणि जरा धरून दाबा,
तो आपणहून टेकत नाही.