अंगठा बाहेर

दहा भाग. शुक्रवारी रात्री एकदम दहाही.
मी शनिवारची रजा टाकली होती, कारण : घरगुती.
वर्षाचे पैसे भरले होते,
सुदामा नगरात वीज कधी जाईल नेम नाही म्हणून
इन्व्हर्टरमध्ये पाणीसुद्धा घातलं होतं.

पहिल्याच भागात, चौथ्या मिनिटाला, त्यानं मूठ वळली
आणि मला दिसलं :
अंगठा आत.

अहो, असा ठोसा मारला तर
आपलाच अंगठा मोडतो, समोरच्याचं काही जात नाही.
हे कोरान्ने सर पहिल्या दिवशी सांगायचे,
मल्हारगंजच्या शाळेत, संध्याकाळी सहाला,
फिनेलच्या वासात, जोडून अंथरलेल्या टाटपट्ट्यांवर.
बँकेतून सरळ यायचे, सायकलची क्लिप पँटला तशीच.
ओळीतून फिरत एकेकाची मूठ उघडायचे
आणि पुन्हा वळून द्यायचे,
करंजीची कड मुरडावी तशी.

आणि ह्याला विद्या मिळाली
डोंगरातल्या मठात, साडेतीन मिनिटांच्या संगीतात.
धुकं, घंटा, एक म्हातारा, बर्फात अनवाणी पाय,
झालं.
आम्ही नुसतं उभं राहायला सात महिने शिकलो.
गुडघे वाकवून, मांड्या थरथरेपर्यंत,
आणि खिडकीतून गल्लीतली पोरं ओरडायची,
'भिया, घोडा तर पळून गेला!'

त्याची लाथ एका दृश्यात निघते
ती तिसऱ्यात लागते.
मधल्या वेळात कोण कुणाला मारतं, देव जाणे.
एका मारामारीत मी तुकडे मोजले. एकसष्ट.
सत्तावन्नाव्याला त्याचे डोळे निळे झाले
आणि वीस माणसं आपणहून पडली.

पडलीसुद्धा वाईट.

पडायला तर आम्हांला सगळ्यात आधी शिकवलं होतं.
हनुवटी छातीला, तळहात जमिनीवर सपाट, फाट्ट,
आणि श्वास सोडून द्यायचा.
कोपरं सोलवटायची. आई हळद लावताना विचारायची,
'पैसे देऊन पडता?'
गेल्या दिवाळीत गच्ची धुताना पाय सटकला
तर तीस वर्षांनी तो हात मला न विचारता गेला जमिनीवर.
डोकं वाचलं.
मी तसाच पडून राहिलो साबणाच्या पाण्यात
आणि, खोटं कशाला बोलू,
कुणी बघितलं का ते बघत होतो.

'आवडत नाही तर बंद कर,' ऋजुता म्हणाली,
'बडबड नको.'
बंद नाही केलं.
नवव्या भागात वाटलं, आता हरेल. एकदा तरी.
मी हरलो होतो तसा, त्र्याण्णव साली उज्जैनला,
सरळ, अकरा सेकंदांत.
सर काही बोलले नाहीत.
घामानं भिजून पट्ट्याची गाठ घट्ट बसली होती,
ती दातांनी सोडवत बसले माझ्यासमोर.

नाही हरला.
डोळे पुन्हा निळे.

निषाद सहाव्या भागातच सोफ्यावर झोपला होता,
कागदाचा निळा मुखवटा गळ्यात,
मूठ आवळलेली. अंगठा आत.
काढून द्यावा म्हणून मी हात पुढे केला,
मग राहू दिला.
आठ वर्षांचं पोर. झोपेत कुणाला मारणार आहे?

उद्या रविवार.
टाटपट्टी मिळते का अजून कुठे
विचारायला हवं.