डावा कप

मकरपुऱ्याला, बेअरिंगच्या कारखान्यामागे,
पत्र्याच्या त्या शेडवर पाटी नाही.
"निळ्या ड्रमपाशी वळा, बेन,"
एवढंच फोनवर सांगितलं होतं तिने.
रिक्षावाला दोनदा चुकला, मी एकदा.

तोरल भावसार. तिशीच्या आसपासची,
कोपरापर्यंत राखाडी, वाळून तडकलेली.
भट्टी रात्रीच बंद केली होती, पण दार उघडेना.
घाई केली तर, म्हणाली,
आतलं सगळं टिणटिण करत मरतं.

फळीवरचा एक कप उचलला मी.
आठशे.
मंगळ बाजारात वाढलेली जीभ,
मला न विचारता म्हणाली, पाचशे.
ती रागावली नाही. टेबलाखालचा खोका
पायाने पुढे सरकवला फक्त:
कान निखळलेले, तळ फाटलेले,
दोन तर एकमेकांना चिकटून बसलेले, सुटता न सुटणारे.
विसातले अकरा.
"यांचेही पैसे त्या नऊंनीच द्यायचे असतात."

मी पाकीट काढलं.
नोटा मोजताना तिने पाहिलं
मी कोणत्या हाताने मोजते ते.

"थांबा. हा नका घेऊ."

कानाच्या वर एक खळगा होता, अंगठ्यासाठी दाबलेला.
उजव्या अंगठ्यासाठी.
मला कळलंही नसतं.
बावन्न वर्षं मी कात्रीशी जुळवून घेतलं,
पळीशी, कॉलेजातल्या त्या एका बाजूला फळी असलेल्या खुर्चीशी.
हळदीकुंकवाला गेलो की
पदराआड माझं डावं मनगट आईच्या मुठीत असायचं,
वाण घेऊन होईपर्यंत.

"महिन्याने या."
आगाऊ पैसे घेतले नाहीत.

महिन्याचे अडीच झाले.
पहिला सुकतानाच वाकला.
दुसऱ्याची झिलई ओघळली, तो फळीला धरून राहिला.
तिसरा आला, वर्तमानपत्राच्या चार थरांत:
जानेवारीतल्या विश्वामित्रीचा रंग,
मगरी नसतात त्या बाजूचा.
तळाला झिलई नाही, उघडी माती,
आणि काडीने कोरलेला एक त.

फ्रीजमधून काढून लगेच उकळता चहा ओतू नका.
तळ टेबलाला ओरखडे काढेल,
पॉलिश पेपर ओला करून दोन मिनिटं घासा.
तारेची घासणी नको.
आत रेषा उमटतील, घाबरू नका, ते तडे नव्हेत.
आणि शोकेसमध्ये दिसला
तर परत घेऊन जाईन.
हे शेवटचं ती हसत म्हणाली नाही.

दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरात
तिसऱ्याच दिवशी तो सिंकमध्ये सापडला,
कुकरच्या झाकणाखाली.
मी तेव्हा काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.
तेव्हापासून मीच धुते,
मऊ फडक्याने, चहा पिऊन झाल्या झाल्या,
आणि पुसून पुन्हा खिडकीपाशी ठेवते.

तीन वर्षं झाली. आतून बारीक तपकिरी जाळं पडलंय,
जागरण झालेल्या डोळ्यासारखं.
सकाळी नखाने टिचकी मारून बघते.
वाजतो.

रविवारी विनायकभाऊजी आले होते.
सेवउसळ झाली, मग चहा.
सुनेने नकळत त्यांच्या पुढ्यात तोच ठेवला.
त्यांनी उजव्या हाताने उचलला.
अंगठा घसरला, पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला,
बोटं जागा शोधत राहिली,
भर दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर.
थोडा चहा ट्रेत, थोडा पांढऱ्या लेंग्यावर.

"वाकडा आहे हो कप तुमचा," म्हणाले.

"हो," म्हटलं, "द्या इकडे."